केस गळतायत? आधी तीन महिने मागे जाऊन बघा

दिवाळी आटोपली की महाड-पोलादपूर भागातून केसगळतीचे प्रश्न वाढतात. सव असो, बिरवाडी असो की पोलादपूरच्या डोंगरातली वाडी, विचारणं सगळीकडे एकच असतं. कंगव्यात मूठभर केस येतात, न्हाणीच्या जाळीवर गुंता साठतो. मग शंका सुरू होतात. शॅम्पू बदलला म्हणून असेल का? नळाला नवीन योजनेचं पाणी आलं म्हणून? एमआयडीसीतल्या कारखान्यांमुळे? सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर डोक्यावरून अंघोळ केली म्हणून?

या सगळ्या शंका काल-परवाच्या आहेत. बहुतेक केसगळतीचं कारण मात्र काल-परवा घडलेलं नसतं, ते दोन-तीन महिन्यांपूर्वी घडून गेलेलं असतं. हे लक्षात न आल्यामुळे लोक तेलं बदलत राहतात, पैसे घालवतात आणि खरं कारण, म्हणजे रक्तातलं लोह, थायरॉईड किंवा भादव्यात येऊन गेलेला ताप, तपासायचं राहून जातं. म्हणून हा लेख.

केसांबद्दल एवढंच माहीत असू द्या

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचं मूळ आपापल्या वेळापत्रकाने चालतं. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, पुढे सुमारे तीन महिने तो नुसता मुळात बसून राहतो आणि नंतर गळतो. त्याच जागी नवा केस वर येतो. कोणत्याही दिवशी शंभरातले ८५ ते ९० केस वाढत असतात आणि उरलेले विश्रांतीत असतात. त्यामुळे दिवसाला ५० ते १०० केस जाणं हे निरोगी माणसाचंही चालतं. लांब केस असलेल्या बाईला तेवढेच केस पाहून भीती वाटते, कारण गुंता मोठा दिसतो.

शेतीचं उदाहरण घ्या. खोलगट शेतात आणि वरकस जमिनीत वेगवेगळ्या दिवशी आवणी झाली, तर कापणी आठवडाभर पुरते. सगळी आवणी एकाच दिवशी झाली, तर कापणीही एकदम अंगावर येते. केसांचंही तसंच. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा उपासमार झाली की एरवी मागेपुढे चालणारे केस एकदम विश्रांतीत जातात आणि तीन महिन्यांनी एकदम गळतात. मुळं शाबूत असतात, म्हणून हे केस परत येतात.

आणखी एक गोष्ट. त्वचेच्या वर आलेला केस निर्जीव असतो. वरून काहीही लावलं तरी तो जाड होत नाही. जावळ काढल्याने बाळाचे केस दाट येत नाहीत, टोकं कापल्याने मुळाशी वाढ होत नाही. जावळ हा संस्कार म्हणून जरूर करा, दाट केसांसाठी म्हणून सहा महिन्यांच्या बाळाचं डोकं पुन्हापुन्हा भादरू नका.

दवाखान्यात जाण्याआधी घरी तीन गोष्टी पाहा

१. गळलेला केस हातात घ्या. कंगव्यातला एक केस काळ्या कापडावर ठेवून उजेडात बघा. एका टोकाला मोहरीहून बारीक पांढरी गाठ दिसली, तर तो केस मुळापासून, आपलं आयुष्य संपवून गळला आहे. दोन्ही टोकं सारखीच किंवा फाटकी असतील, केस आखूड असेल, तर तो गळत नाहीये, तुटतोय. तुटण्याचं कारण बहुतेक वेळा बाहेरचं असतं: इस्त्री, स्ट्रेटनिंग, ओले केस ओढून विंचरणं, घट्ट अंबाडा.

२. कुठून जातायत ते पाहा. सगळ्या डोक्यावरून सारखे विरळ, भांग रुंद झालाय, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकलेत, की रुपयाएवढा गोल तुळतुळीत डाग पडलाय? या चारांची कारणं आणि उपचार वेगळे आहेत.

३. कोणाकोणाचे गळतायत ते विचारा. घरातल्या एकट्याचेच, की सासू, सून, मुलगा आणि शेजारच्या दोन घरांतही? हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. तो का महत्त्वाचा, ते पुढे येईलच.

एक साधी चाचणीही करता येते. दिवसभर डोकं न धुता, ५०-६० केसांची बट बोटांच्या चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढा. डोक्याच्या तीन-चार जागी करा. दर वेळी सहाहून जास्त केस हातात आले, तर गळती नेहमीपेक्षा जास्त आहे असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता कॅलेंडर काढा

गळती सुरू झाल्याचा अंदाजे दिवस कागदावर लिहा, तिथून दोन ते चार महिने मागे जा आणि त्या काळात काय घडलं तेही लिहा. आपल्या भागात या मागच्या पानांवर सहसा यांपैकी काहीतरी सापडतं:

- ताप. पावसाळ्यात डेंग्यू, टायफॉईड आणि चिखलात उतरून काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस. गौरी-गणपतीत आलेला ताप दिवाळीच्या सुमारास केसांवर दिसतो. तोवर माणूस ताप विसरलेला असतो आणि दोष दिवाळीच्या उटण्याला किंवा नव्या शॅम्पूला जातो. कोविडनंतर घराघरांत केस गळाले, त्याचंही हेच गणित होतं.
- बाळंतपण. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की केस झपाट्याने जातात. गरोदरपणात न गळलेले केसच हे. बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. या काळात 'बाळंतिणीला अमुक चालत नाही' म्हणत डाळ, अंडी, मासे, पालेभाज्या बंद केल्या, तर मात्र गळती लांबते.
- रक्तस्राव आणि पांडुरोग. पाळीत जास्त रक्त जात असेल, तर लोहाचा साठा आटतो. हिमोग्लोबिन काठावर ठीक दिसलं तरी साठा रिकामा असू शकतो.
- अचानक घटवलेलं वजन, कडक उपास. श्रावणातले सोमवार, शनिवार आणि वर एकादशी धरून साबुदाण्यावर महिना काढला, तर केसांना लागणारी प्रथिनं येणार कुठून?
- मोठा धक्का. जुलै २०२१ मध्ये महाडला महापूर आला आणि तळियेत दरड कोसळली. अशा आपत्तीनंतर घर उभं करता करता केस गेले, तर तो मनाचा खेळ नाही, शरीराची ठरलेली प्रतिक्रिया आहे.
- नवीन गोळ्या. रक्त पातळ करणारी, फिट्सची, मुरुमांवरची काही औषधं, किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या अथवा थांबवल्या असतील तर डॉक्टरांना सांगा. स्वतःहून कुठलीही गोळी बंद करू नका.

यांपैकी कारण सापडलं आणि ते मिटलेलं असलं, तर सहसा औषध लागत नाही. गळती तीन ते सहा महिन्यांत कमी होते. कपाळाच्या कडेला उभे राहणारे आखूड, बारीक केस दिसू लागले की समजा, नवे येतायत. पण लांबी परत यायला वेळ लागतो. महिन्याला एक सेंटिमीटर या वेगाने खांद्यापर्यंत केस यायला दोन-अडीच वर्षं जातात. 'महिन्यात फरक' सांगणारा कोणीही असो, हे गणित त्याला चुकवता येत नाही.

सहा महिन्यांनंतरही गळती चालूच असेल, तर मात्र थांबू नका.

तीन दिवसांत टक्कल पडलं तर: बुलढाण्याची गोष्ट नीट समजून घ्या

तीन महिन्यांच्या हिशेबाला एक गंभीर अपवाद आहे, आणि त्याचा शोध लावणारे डॉक्टर आपल्या महाडचेच आहेत.

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, मुख्यतः शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, काहींना डोकेदुखी, ताप, मुंग्या येणं, उलट्या-जुलाब, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाला. त्यांत कॉलेजातली मुलं आणि तरुण मुली पुष्कळ होत्या. कोणाचं शिक्षण अडलं, ठरलेली लग्नं मोडली, अनेकांनी लाजेपोटी उरलेले केसही भादरून टाकले.

सुरुवातीला संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला. तो खारपाणपट्टा, पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त, त्यामुळे तो संशय अगदीच गैर नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकंही येऊन नमुने घेऊन गेली. याच काळात डॉ. हिम्मतराव बावस्कर स्वतःहून या कामात उतरले. १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण दगावताना पाहून ज्यांनी त्यावर उपचार शोधला, जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत मांडला आणि ज्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, ते हेच बावस्कर. त्यांनी रुग्णांचं रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले, तेव्हा सेलेनियम नावाचं मूलद्रव्य रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं आढळलं. जस्त मात्र कमी होतं. मग त्यांनी रेशनच्या गव्हाकडे मोर्चा वळवला. पंजाब-हरियाणाकडून आलेल्या त्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. सर्वसाधारण गव्हात ते ०.१ ते १.९ मिलिग्रॅम असतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले.

आकडे आपल्या ताटात आणून बघू. सेलेनियम शरीराला हवं असतं, पण दिवसाला जेमतेम ४० मायक्रोग्रॅम. ४०० च्या वर गेलं की ते विषासारखं वागतं. त्या गव्हाची २०० ग्रॅम कणीक, म्हणजे दिवसभराच्या सहा-सात पोळ्या, पोटात गेली तर २,९०० मायक्रोग्रॅम होतात. कमाल मर्यादेच्या सातपट, तेही रोज.

याहून महत्त्वाची नोंद पुढची आहे. गहू धुतल्यावरही सेलेनियम १३.६१ मिलिग्रॅम होतं, म्हणजे जवळजवळ तेवढंच. ते वरून फवारलेलं नव्हतं, दाण्यातच होतं. पंजाबातल्या नवांशहर आणि होशियारपूर भागात शिवालिकच्या डोंगरांतून वाहून आलेल्या मातीत सेलेनियम नैसर्गिकरीत्याच जास्त असतं, हे शेतीशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तेव्हा धान्य धुऊन, पाखडून, उन्हात घालून हा दोष जात नाही.

याचा अर्थ रेशनचा गहू टाकून द्या असा अजिबात नाही. आपल्याकडे भात मुख्य, त्यात रेशनचा गहू अनेक घरांचा आधार आहे, आणि एका खेपेच्या दोषावरून सगळं धान्य वाईट ठरत नाही. अर्थ एवढाच की खाली दिलेली लक्षणं दिसली तर शॅम्पूची बाटली बघत बसू नका:

- खाज किंवा आग होऊन काही दिवसांतच केसांचे पुंजके हातात येणं,
- एकाच घरात किंवा वाडीत तीन-चार जणांना एकाच वेळी त्रास होणं,
- सोबत उलट्या, जुलाब, अंगाला मुंग्या, तोंडाला लसणासारखा वास, नखं ठिसूळ होणं किंवा त्यांवर पांढरे पट्टे दिसणं.

असं झालं तर त्याच दिवशी आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. घरातलं धान्य, पीठ आणि वापरातलं पाणी प्रत्येकी थोडं वेगळं, स्वच्छ डब्यात झाकून ठेवा आणि त्यावर आणल्याची तारीख लिहा. पोत्यावरची चिठ्ठी फेकू नका. गळलेले केससुद्धा कागदात गुंडाळून ठेवा, कारण तपासणीत त्यांचा फार उपयोग होतो. धान्य संशयास्पद वाटलं तर ते खाणं थांबवा, पण पुरावा म्हणून जपा. आणि ज्यांचे केस गेलेत त्यांना वेगळं बसवू नका. हा स्पर्शाने पसरणारा आजार नाही.

'केसांसाठी' म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांतही सेलेनियम असतं, तेव्हा डब्यावरचं प्रमाण वाचल्याशिवाय घेऊ नका. २००८ मध्ये अमेरिकेत एका पूरक द्रवात चुकून लिहिल्याच्या २०० पट सेलेनियम पडलं आणि तो घेणाऱ्यांचे केस गळाले. कोंड्यासाठीच्या शॅम्पूतलं सेलेनियम सल्फाइड मात्र वेगळं. ते डॉक्टरांनी दिलं असेल तर घाबरायचं कारण नाही.

गोल डाग, खपली, मागे सरकणारं कपाळ

चाई. रुपयाएवढा गुळगुळीत डाग, खाज नाही, खपली नाही. रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटल्यामुळे चाई पडते. ती कीड नाही आणि लागतही नाही. लहान डाग असतील तर अनेकांचे केस वर्षभरात आपोआप येतात, नाहीतर त्वचारोगतज्ज्ञ डागात इंजेक्शन देतात. आपल्याकडे चाईवर बिब्बा लावतात, गुंजा उगाळून लावतात, कोणी लसूण घासतात. कृपा करून हे थांबवा. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, गुंज विषारी आहे. चाईत मूळ जिवंत असतं, भाजल्यावर व्रण पडला की तिथे केस कधीच येत नाही. बऱ्या होणाऱ्या डागाचं कायमचं टक्कल करण्याचा हा उपाय आहे.

मुलांच्या डोक्यातला नायटा. खपल्या, तुटके केस, कधी पू. ही बुरशी आहे आणि ती लागते. नुसत्या मलमाने ती जात नाही, कित्येक आठवडे पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. दुकानातून 'खाजेचं मलम' आणू नका. त्यांतल्या अनेकांत स्टिरॉइड असतं, त्याने खाज दबते आणि बुरशी पसरते. मुलाचा कंगवा, टोपी, टॉवेल वेगळा ठेवा.

आनुवंशिक टक्कल. पुरुषांत कपाळाचे कोपरे आणि टाळू, बायकांत रुंदावणारा भांग. हे हळूहळू, वर्षानुवर्षं चालतं. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही बाजूंनी येतं. मुलीला पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

व्रणाचं टक्कल. डोक्याची त्वचा चकचकीत, केसांची भोकंच दिसेनाशी झालेली, दुखरी किंवा आगीची. यात गेलेलं मूळ परत येत नाही. एका आठवड्याचाही उशीर करू नका.

ओढून गेलेले केस. शाळेच्या दोन घट्ट वेण्या आणि रिबिनी, रोजचा कचकून बांधलेला अंबाडा. कानांवरचे आणि कपाळाच्या कडेचे केस आधी विरळ होतात. वेणी सैल घाला. वर्षानुवर्षं ओढ बसली, तर हीसुद्धा कायमची होते.

सवचं गरम पाणी, खोबरेल आणि शिकेकाई

सावित्रीकाठच्या सवच्या झऱ्यांवर त्वचेच्या तक्रारी घेऊन लोक पिढ्यानपिढ्या येतात. आजूबाजूला कोणाचं गुडघ्याचं दुखणं तिथे हलकं झालं असेल, त्याबद्दल वाद नाही. केसांबाबत मात्र स्पष्ट सांगायला हवं: गंधकाच्या गरम पाण्याने केस उगवत नाहीत, आणि एका अंघोळीने ते गळतही नाहीत. कढत पाण्याने डोक्याची त्वचा कोरडी पडते आणि केस राठ होतात. तिथे अंघोळ करायचीच असेल तर डोकं कोरडं ठेवा, किंवा नंतर साध्या पाण्याने धुवा. डोक्यात फोड, जखम, चिघळलेला नायटा असेल तर सामायिक कुंडात उतरू नका, स्वतःसाठीही आणि इतरांसाठीही.

खोबरेल चांगलंच, पण कशासाठी ते समजून घ्या. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाचं किंवा खनिज तेल तसं करत नाही. म्हणजे धुण्याआधी तेल लावल्याने केस कमी तुटतात. नवे उगवत नाहीत. आणि कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नका, कोंडा करणारी बुरशी त्याच तेलावर पोसते. माका, जास्वंद, आवळा घालून घरी उकळलेलं तेल आवडत असेल तर लावा, फक्त त्याच्यावर विसंबून तपासणी लांबवू नका.

शिकेकाई-रिठा की शॅम्पू, हा वाद निरर्थक आहे. ज्याने डोकं स्वच्छ होतं आणि आग होत नाही ते वापरा. डोकं धुतल्याने केस गळत नाहीत, जे गळायला मोकळे झालेले असतात तेच पाण्यात दिसतात. गळतीच्या भीतीने पंधरा-पंधरा दिवस डोकं न धुणाऱ्या बायकांना कोंडा आणि खाज, दोन्ही मागे लागतात. आठवड्यातून दोनदा धुवा.

आवणीच्या दिवसांत दिवसभर इरल्याखाली किंवा प्लास्टिकच्या खोळीखाली केस ओलेच राहतात. घरी आल्यावर ते सोडा, सुती कापडाने टिपा आणि वाळल्यावरच बांधा. ओला अंबाडा रात्रभर ठेवला की वास येतो आणि बुरशी धरते.

उवा झाल्या तर रॉकेल नको. भाजण्याची आणि विषबाधेची, दोन्ही भीती त्यात आहे. दुकानात मिळणारं परमेथ्रिनचं औषध लावा, सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावा, मधल्या दिवसांत बारीक फणी फिरवा आणि घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा.

कलप आणि काळी मेंदी यांत पीपीडी नावाचं रसायन असतं. कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबा. खाज, सूज आली तर ते वापरायचंच नाही. कलप मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. पोटात गेला तर घसा सुजून श्वास अडतो, लगेच रुग्णालय गाठा.

कोणत्या तपासण्या, कुठे

पंधरा तपासण्यांच्या 'हेअर पॅकेज'ची गरज नसते. सहसा रक्ताची पूर्ण गणना, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा आणि थायरॉईडची टीएसएच, एवढ्याने काम भागतं. शाकाहारी असाल तर ब-१२ जोडा. तपासणीआधी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर प्रयोगशाळेला सांगा. त्यांच्यामुळे थायरॉईडचे आकडे चुकीचे येतात.

सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रातून किंवा महाड, पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयातून करा. त्वचारोगतज्ज्ञ लागले तर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागा. अलिबागची खेप जमत नसेल, तर ई-संजीवनीवर मोबाइलवरून डॉक्टरांचा मोफत सल्ला मिळतो. सोबत कॅलेंडर पाहून लिहिलेला घटनांचा तो कागद ठेवा, डॉक्टरांचा अर्धा वेळ त्याने वाचतो.

लोह कमी निघालं तर आरोग्य केंद्रातल्या गोळ्या मोफत आहेत. त्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबू-आवळ्याबरोबर घ्या. ताटात कुळथाची पिठी, नाचणी, अंडी, सुकट-जवळा, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात टाकळा हवा. महागड्या प्रोटीन पावडरीवाचून भागतं.

औषध घेणार असाल तर

- मिनॉक्सिडिल आनुवंशिक टकलावर खरोखर काम करतं. पहिल्या दोन महिन्यांत उलट जास्त केस गळू शकतात. घाबरून सोडू नका. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि थांबवलं की मिळवलेलं जातं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वापरू नये.
- फिनास्टराइड पुरुषांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. लैंगिक इच्छेवर परिणाम होऊ शकतो, तो आधी विचारून घ्या. घरात गरोदर बाई असेल तर तिने तुटलेली गोळी हाताळू नये. औषध चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्तदान करू नका.
- केस प्रत्यारोपण म्हणजे मागचे केस पुढे लावणं. नवे केस त्याने तयार होत नाहीत. चालू गळतीत किंवा चाईत ते करायचं नसतं. करणारा प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ किंवा सर्जन आहे का, त्याचा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक काय आणि शस्त्रक्रिया तो स्वतः करणार की तंत्रज्ञ, हे लेखी विचारा.

तुमचे हक्क

'टकलावर हमखास केस' ही जाहिरात बघितली की एक गोष्ट आठवा. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'जे' परिशिष्टात टक्कल, नवे केस उगवणं आणि अकाली पिकणं या गोष्टी आहेत. हे बरं करतो असा दावा कोणत्याही औषधाच्या वेष्टनावर करायला मनाई आहे. जो ठासून दावा करतो, तो तिथेच नियम मोडतो.

- मोफत उपचार. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. पैसे मागितले तर पावती मागा.
- रेशनचं धान्य. खराब, वास येणारं धान्य घ्यायला तुम्ही बांधील नाही. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार करा, पोच घ्या, किंवा १९६७ वर फोन करा.
- पाणी. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आणि संच देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीत विचारा. मात्र या संचाने सेलेनियम किंवा जड धातू कळत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याची मागणी ग्रामसभेत ठरावाने करा. एमआयडीसीबद्दल शंका असेल तरी मार्ग हाच. अफवेपेक्षा अहवाल उपयोगी पडतो.
- फसलात तर. बिल, जाहिरातीचा फोटो आणि बाटली जपा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.